लाकडी फ्लोअरिंगचा ग्लू: ओल सोसणारा वेगळा, ओल अडवणारा वेगळा

दुकानात जाऊन ‘काँक्रीटवर लाकडी फ्लोअरिंग करायचंय, वॉटरप्रूफ ग्लू द्या’ म्हटलं की काउंटरवर तीन-चार डबे येतात आणि प्रत्येकावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं. खोटं कुणीच लिहिलेलं नसतं. त्या ग्लूची परीक्षा कशावर घेतली, एवढंच डब्यावर नसतं.

पांढऱ्या ग्लूचंच उदाहरण बघा. फर्निचरवाले सुतार त्यावर डी-३, डी-४ बघून घेतात. हे वर्ग ईएन २०४ या युरोपीय मानकातले आहेत. लाकडाला लाकूड चिकटवायचं, आठवडाभर वाळू द्यायचं, मग डी-३ साठी चार दिवस थंड पाण्यात बुडवून ठेवायचं, डी-४ साठी सहा तास उकळत्या पाण्यात, आणि त्यानंतर सांधा ओढून किती ताकद उरली ते मोजायचं. किचनच्या शटरसाठी ही कसोटी चांगली आहे. पण तिच्यात काँक्रीट कुठेच नाही. नव्या काँक्रीटचा पीएच १२-१३ असतो, तो क्षार यात नाही. खालून महिनोन् महिने येत राहणारी वाफ नाही. शिवाय पांढरा ग्लू स्वतःतलं पाणी सोडूनच वाळतो. खाली ओला स्लॅब आणि वर पॉलिश केलेली फळी असली की ते पाणी शिरणार फळीच्या पोटात. म्हणजे फ्लोअरिंग पहिल्या दिवशीच खालून भिजवलं. ‘मरीन’ नावाच्या ग्लूचंही तेच. नाव बोटीचं असलं तरी तो लाकडाला लाकूड जोडण्यासाठीच आहे.

म्हणून ग्लू निवडण्याआधी दोन प्रश्न वेगळे काढायचे. ओलीमुळे ग्लू स्वतः सुटेल का? आणि ग्लूमधून पार होऊन ओल फळीपर्यंत पोचेल का? बाजारातले चांगले लवचिक ग्लू पहिल्या परीक्षेत पास होतात. दुसरी परीक्षा बऱ्याच जणांनी दिलेलीच नसते. अशा घरात ग्लू शाबूत राहतो, सांधा मजबूत राहतो आणि फळ्या मात्र कडा वर करून वाटीसारख्या होतात. मग सगळे ग्लूला शिव्या देतात.

फळी फुगते म्हणजे किती, याचा हिशेब करता येतो. ओकची १२० मिलिमीटर रुंद सॉलिड फळी ८ टक्के ओलाव्यावर लावली आणि ती १३ टक्क्यांवर गेली, तर रुंदीत साधारण २ मिलिमीटर वाढते. तीन मीटरच्या खोलीत अशा पंचवीस फळ्या बसतात, म्हणजे एकूण पाच सेंटिमीटर. भिंतीकडेला सोडलेली १० मिलिमीटरची फट या वाढीपुढे काहीच नाही. सागवान त्याच बदलाला जवळजवळ निम्मं हलतं, म्हणून आपल्याकडे जुनी सागवानी कामं तगली. इंजिनिअर्ड फळी आडव्या-उभ्या थरांमुळे फारच कमी हलते. मुंबईत काँक्रीटवर चिकटवायचं असेल तर माझं मत सरळ आहे: इंजिनिअर्ड घ्या. सॉलिड हवंच असेल तर सागवान घ्या, तेही ९० मिलिमीटरपेक्षा रुंद नको.

ओल येते कुठून

मुंबईत वाटा चार आहेत, आणि ग्लू त्यांतल्या एखाद-दोनवरच उपाय आहे.

पहिली वाट म्हणजे कामाचंच पाणी. जुनी लादी उखडली की खालचा कोबा अर्धा भुगा होऊन निघतो. मग मिस्त्री ५० मिलिमीटर नवा कोबा टाकतो, सात दिवस पाणी मारतो, दहाव्या दिवशी वर पाय ठेवून ‘एकदम कडक’ म्हणतो. कडक असतो, कोरडा नसतो. पन्नास मिलिमीटरपर्यंतच्या कोब्याला पाणी मारणं थांबवल्यापासून दर मिलिमीटरला एक दिवस वाळायला लागतो, हा कारागिरांचा जुना ठोकताळा. म्हणजे इथे पन्नास दिवस. त्याहून जाड असेल तर वरच्या प्रत्येक मिलिमीटरला दोन दिवस धरा. आणि हे सगळं हवा कोरडी असताना. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवून पंखा लावला तर तीच ओली हवा कोब्यावरून फिरत राहते. पावसाळ्यात वाळवायचं तर दारं-खिडक्या बंद करून एसी किंवा डीह्युमिडिफायर चालवायचा, आणि त्याचं पाणी बादलीत न साठवता थेट नळीने बाहेर काढायचं.

दुसरी वाट तळमजल्याची. जुन्या इमारतींत जमिनीवरच्या काँक्रीटखाली प्लास्टिकचा थर बहुतेक वेळा नसतोच. या शहराचा मोठा भाग भराव टाकून झालेला आहे आणि पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढतं. भिंतीच्या पायथ्याशी लोणा फुटलेला दिसला की समजायचं, खालून ओल चालू आहे. ही ओल वाळवून संपत नाही. तिला अडवावीच लागते.

तिसरी वाट सगळ्यांत जास्त दगा देते: बाथरूम. बाथरूमचा स्लॅब खाली उतरवलेला असतो, त्याला संकन म्हणतात. त्या खड्ड्यात विटांचे तुकडे, कोबा आणि पाइप असतात. नहाणी ट्रॅपचा सांधा किंचित गळत असेल तर तो खड्डा टाकीसारखा भरतो, आणि मग पाणी उंबऱ्याखालून बेडरूमच्या लादीखालच्या मालात शिरतं. वरून काहीच दिसत नाही. लाकूड लावलं की बाथरूमच्या भिंतीलगतच्या दोन-तीन ओळी काळ्या पडतात. म्हणून बेडरूमला लाकूड लावण्याआधी नहाणीचं तोंड बंद करून, बाथरूममध्ये दोन इंच पाणी ४८ तास उभं करा. पातळीची खूण पेन्सिलने करा आणि पलीकडच्या भिंतीचा पायथा व खालच्या मजल्याचं छत, दोन्ही बघा. गळती निघाली तर आधी ती बंद करायची. दाबाने येणाऱ्या पाण्यापुढे ग्लू किंवा प्राइमरवर भरवसा ठेवता येत नाही.

चौथी वाट हवेची. ८० टक्के आर्द्रतेत पडून राहिलेलं लाकूड १५-१६ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. रोज एसी चालणाऱ्या, ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत तेच लाकूड ९ टक्क्यांच्या आसपास येतं. फळ्या पावसाळ्यात टेम्पोतून उतरवून पार्किंगमध्ये ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी चिकटवल्या, तर दिवाळीनंतर फटी पडणार. त्यात ग्लूचा दोष नाही. फळ्यांची खोकी ज्या खोलीत लावायची त्याच खोलीत, जमिनीपासून उचलून ठेवा. घर पुढे जसं वापरणार तसा एसी किंवा पंखा चालू ठेवा. किती दिवस ठेवायच्या हे कॅलेंडरवर ठरवू नका. पिनवाल्या मीटरने फळीच्या ओलाव्याचा आकडा दोन दिवस तोच आला की झालं.

स्लॅबचा आकडा

हाताला कोरडं लागणं ही परीक्षा नाही. वरचे पाच मिलिमीटर आधी वाळतात, पोटात पाणी तसंच राहतं. त्यावर लाकूड झाकलं की आतली ओल वर-खाली सारखी पसरते आणि पृष्ठभाग पुन्हा ओला होतो.

सगळ्यांत सोपी चाचणी प्लास्टिकची. दीड-दोन फुटांचा जाड पॉलिथीनचा चौकोन चारही बाजूंनी टेपने बंद करून दोन-तीन दिवस ठेवायचा. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद झालं तर ओल आहे. पण काहीच दिसलं नाही म्हणजे ओल नाही, असं समजू नका. या चाचणीवर नकार देता येतो, होकार देता येत नाही.

भरवशाची पद्धत स्लॅबच्या आत आर्द्रता मोजणारा प्रोब बसवण्याची, एएसटीएम एफ २१७० या अमेरिकी मानकाप्रमाणे. भोक किती खोल पाडायचं हे स्लॅब कोणत्या बाजूने वाळतोय त्यावर ठरतं. जमिनीवरचा स्लॅब फक्त वरून वाळतो, तिथे जाडीच्या ४० टक्के. मधल्या मजल्यावरचा स्लॅब वर-खाली दोन्हीकडून वाळतो, तिथे २० टक्के. १२५ मिलिमीटरच्या स्लॅबला हे अनुक्रमे ५० आणि २५ मिलिमीटर होतं. भोकातला चुरा काढून, नळी बसवून, तोंड बंद करून २४ तास थांबायचं आणि मग आतल्या आर्द्रतेची टक्केवारी वाचायची. पहिल्या हजार चौरस फुटांना तीन भोकं, पुढच्या प्रत्येक हजाराला एक. खोली आधीचे ४८ तास रोजच्या वापरासारखी ठेवलेली हवी. ड्रिल मारण्याआधी वायरिंगच्या पाइपचा रस्ता इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या. आपल्याकडे पाइप स्लॅबमधूनच गेलेले असतात.

भोकं पाडायची नसतील तर कार्बाइडची चाचणी आहे. कोब्याच्या खालच्या भागातला तुकडा कुटून स्टीलच्या बाटलीत पावडरीबरोबर हलवायचा आणि दाब वाचायचा. सिमेंटच्या कोब्याला २ टक्क्यांच्या आत हवं. काँक्रीटवर टेकवायचं पिनविरहित मीटर मात्र खोलीत कुठे जास्त, कुठे कमी एवढंच सांगतं. प्रोब कुठे बसवायचा ते ठरवायला ते कामाचं आहे. त्याचा आकडा ग्लूच्या तक्त्याशी जुळवायला जाऊ नका.

लाकडी फ्लोअरिंगच्या ग्लूच्या माहितीपत्रकात बहुधा ७५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान स्लॅबची कमाल आर्द्रता दिलेली असते. तुमचा प्रोबचा आकडा त्याच्या खाली असेल तर नुसत्या ग्लूवर भागतं. वर असेल तर खाली अडवणारा थर हवा. विकणारा माणूस तोंडी ‘चालतं’ म्हणाला तरी माहितीपत्रकात ती ओळ शोधा. ओळच नसेल तर तो ग्लू काँक्रीटसाठी बनलेला नाही. पत्रकावर आयएसओ १७१७८ दिसलं तर चांगलं, कारण ते मानक फ्लोअरिंग जमिनीला चिकटवणाऱ्या ग्लूचंच आहे.

कोणता ग्लू

रबर सोल्युशन, म्हणजे सनमायका चिकटवतात तो पिवळा ग्लू, इथे नको. दोन्ही बाजूंना लावून एकदम चिकटतो, फळी सरकवून बसवता येत नाही, खालचे खळगे भरत नाही, उन्हाळ्यात मऊ पडतो. पांढऱ्याबद्दल वर लिहिलंच आहे. पातळ लॅमिनेट तर चिकटवायचंच नसतं, ते तरंगतं बसवतात. तेव्हा खरी निवड तिघांत होते.

एका डब्यातला पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो. पकड जबरदस्त, त्यामुळे सॉलिड फळीला चांगला. पण खाली जास्त पाणी असेल तर त्याच्यातून वायू सुटतो आणि ग्लू पावासारखा फुगतो. दिसायला भरपूर, आतून पोकळ. वाळल्यावर फळीच्या पॉलिशवर लागलेला डाग निघत नाही, निघताना पॉलिश घेऊन निघतो. त्यातल्या आयसोसायनेट या त्रासदायक रसायनामुळे हातमोजे घालायचे आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या.

सिलेनवर आधारलेला, ज्याला कारागीर एमएस पॉलिमर किंवा हायब्रिड म्हणतात, तोही हवेतल्या ओलाव्यानेच पक्का होतो, पण फेस येत नाही. आयसोसायनेट नसतं, ओला असताना डाग फडक्याने पुसता येतो, आणि फळी थोडी हलली तरी तो ताणला जाऊन पकड सोडत नाही. एसी दिवसा बंद आणि रात्री चालू अशा फ्लॅटमध्ये, इंजिनिअर्ड फळीला, मी हाच घ्यायला सांगतो. खुद्द ग्लूला ओलीचं वावडं नाही. त्यातून वाफ मात्र कमी-जास्त जातेच.

दोन डब्यांचा पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी आपसांतल्या रासायनिक क्रियेने पक्का होतो, त्यामुळे पावसाळ्यातही वेळ ठरलेला. गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादीवर किंवा मोठ्या जड फळीला उपयोगी. मात्र तो कडक असतो. कच्च्या कोब्यावर लावला तर फळी फुगताना कोब्याचाच पापुद्रा उचलून आणतो.

‘ग्लू आणि ओलरोधक एकाच डब्यात’ असेही प्रकार मिळतात. ते फसवे नाहीत, पण त्यांची अट वाचल्याशिवाय घेऊ नयेत. चौरस मीटरला एक किलो ग्लू, घनता दीड धरली, तर सरासरी थर होतो जेमतेम ०.७ मिलिमीटर. दातेरी थापीने ओढल्यावर तो थर नसतोच, रांगा असतात, आणि रांगांच्या मधे काँक्रीट उघडं असतं. फळी दाबल्यावर रांगा चपट्या होऊन एकमेकींना भेटल्या तरच ओल अडते. म्हणून असे ग्लू कंपनी वेगळ्या, मोठ्या दातांच्या थापीने लावायला सांगते, खप दीडपट ते दुप्पट येतो आणि शंभर टक्के भाग झाकला गेला पाहिजे असं लिहिलेलं असतं. मुंबईतल्या साइटवर, दुपारी तीन वाजता, गुडघ्यांवर बसलेल्या कारागिराकडून शंभर टक्के झाकलं जाईल यावर मी पैज लावणार नाही. स्लॅबचा आकडा हद्दीच्या थोडासाच वर असेल तर हे ग्लू चालतील. तळमजल्याला वेगळा थरच द्या.

अडवणारा थर

तो बहुतेक वेळा इपॉक्सी प्राइमरचा असतो, दोन हात मारून. आधी काँक्रीट डायमंड ग्राइंडरने घासून वरची दुधाळ साय काढायची आणि व्हॅक्युमने धूळ ओढायची. झाडूने भागत नाही. तपासायला पाण्याचा थेंब टाका. दोन-तीन मिनिटांत जिरला तर ठीक. मोत्यासारखा उभा राहिला तर वर अजून पॉलिश, मेण किंवा जुना ग्लू आहे. खिळ्याने ओरखडा काढल्यावर पावडर निघत राहिली तर आणखी घासा.

दोन्ही हात मिळून चौरस मीटरला साधारण अर्धा ते ०.६ किलो लागतं. दहा बाय बाराची खोली म्हणजे ११.१५ चौरस मीटर, म्हणजे साडेपाच ते पावणेसात किलो. दुसरा हात पहिल्याला आडवा मारा, म्हणजे सुटलेली सुईएवढी छिद्रं झाकली जातात. दुसरा हात ओला असतानाच कोरडी क्वार्ट्‌झ वाळू भरपूर उधळा. मुठीने थोडी थोडी भुरभुरवून चालत नाही, इपॉक्सीची चमक दिसेनाशी झाली पाहिजे. चौरस मीटरला दोन-अडीच किलो जाते. दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झाडून, व्हॅक्युम करून घ्या. ही वाळू नसेल तर ग्लू काचेवर लावल्यासारखा होतो. समुद्राची किंवा खाडीची वाळू अजिबात नको, तिच्यात मीठ असतं.

पावसाळ्यातला धोका दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्याचा आहे. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २६ अंश. इपॉक्सी लावताना स्लॅब दवबिंदूच्या किमान ३ अंश वर हवा, म्हणजे २९. खालच्या फ्लॅटमध्ये एसी चालू असेल तर तुमचा स्लॅब त्याच्या खाली सहज असू शकतो. न दिसणारं दव बसतं आणि इपॉक्सीवर तेलकट, चिकट पापुद्रा येतो. वर लावलेला ग्लू त्या पापुद्र्याला धरतो, इपॉक्सीला नाही. इन्फ्रारेड गनने स्लॅबचं तापमान बघायला दोन मिनिटं लागतात. मिसळलेला डबा उन्हाळ्यात बादलीतच गरम होऊन वीसेक मिनिटांत घट्ट होतो. मिसळला की लगेच जमिनीवर ओतून पसरवा.

एक नेहमीची चूक: थर देऊन झाल्यावर वर १२ मिलिमीटरचा प्लाय स्क्रूने ठोकायचा. प्रत्येक स्क्रू थराला भोक पाडतो. प्लाय मरीन असला तरी भोक ते भोकच. प्लाय हवाच असेल तर तोही चिकटवा.

जुन्या लादीवरच लाकूड लावायचं असेल तर दांड्याने प्रत्येक लादी वाजवून पोकळ असेल ती काढा, चमक घासून घालवा, आणि लक्षात ठेवा की ओल सांध्यांतून येते, त्यामुळे लादीवरही इपॉक्सीचा थर लागू शकतो. दाराखालची जागाही आधीच मोजा. १४ मिलिमीटरची फळी आणि ग्लू धरून दीड सेंटिमीटर उंची वाढते.

लावताना

जमीन दोन मीटरच्या पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त खाली-वर नको. खळगे लेव्हलिंग कंपाउंडने भरा, ग्लूने नाही. ग्लूचा जाड गोळा आतून महिनाभर ओला राहतो आणि वर फळी दाबली जाते.

थापीचे दात कंपनीच्या पत्रकाप्रमाणे घ्या. साधारण खप चौरस मीटरला १ ते १.२ किलो, म्हणजे दहा बाय बाराला ११ ते साडेतेरा किलो. १५ किलोचा एक डबा पुरतो. पन्नास-साठ चौरस मीटरनंतर दात झिजून बोथट होतात आणि ग्लू नकळत कमी पडायला लागतो. दुसरी थापी जवळ ठेवा. नागदेवी स्ट्रीटवर दाताच्या मापाने मिळते.

डब्यावरची मोकळी वेळ, म्हणजे ग्लू पसरल्यापासून फळी ठेवेपर्यंतची मुदत, २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेची असते. ओलाव्याने पक्का होणारा ग्लू जुलैच्या मुंबईत त्याच्या निम्म्या वेळातच साय धरतो. म्हणून वीस मिनिटांत झाकता येईल एवढंच पसरवा. बोट टेकवून बघा. ग्लू बोटाला आला नाही तर खरवडून टाका. वरून ताजा ग्लू फासू नका.

दर आठ-दहा फळ्यांनी एक फळी उचलून उलटी करा. किमान ८० टक्के पाठ ग्लूने भरलेली हवी. ओळी उभ्याच दिसल्या तर दाब कमी पडलाय किंवा साय धरलीय. हे करायला कारागीर कुरकुर करतात. करू द्या. भिंतीकडे १० ते १२ मिलिमीटर फट सोडा, पाचरी दुसऱ्या दिवशी काढा, आणि त्या फटीत ग्लू किंवा पुट्टी भरू देऊ नका. वजन म्हणून वाळूच्या गोण्या ठेवा, खाली कागद घालून. २४ तास चालणं बंद. जड कपाट दोन-तीन दिवसांनी.

उखडलेली फळी वाचणं

काम बिघडलं असेल तर नवा ग्लू शोधण्याआधी एक फळी उखडून तिची पाठ आणि खालची जमीन शेजारी शेजारी बघा. कारण तिथेच लिहिलेलं असतं.

ग्लू सगळा जमिनीवर, दातांच्या रांगा जशाच्या तशा चमकत उभ्या आणि फळीची पाठ कोरी: ग्लूने साय धरल्यावर फळी ठेवली, किंवा दाबलीच नाही. ग्लू फळीला आणि त्याच्या खालच्या बाजूला राखाडी पावडर: ग्लूने काम केलं, कोब्याची साय सुटली. इथे महागडा ग्लू आणला तर तीच पावडर पुन्हा निघेल. ग्लू पांढुरका, मऊ, नखाने वळणारा: पाण्याचा ग्लू ओल्या स्लॅबवर लागला. ग्लूत छोटे बुडबुडे: पॉलियुरेथेनखाली पाणी होतं. ग्लू दोन्हीकडे घट्ट आणि तरी फळी वाटीसारखी: ग्लूने ओल सोसली, अडवली नाही. फळ्या मधोमध फुगून कडा खाली गेल्या असतील तर बहुधा आधी वाटी झालेली असताना कुणीतरी घासून सपाट केलं आणि मग लाकूड वाळलं. म्हणून वाटी दिसल्याबरोबर सँडिंग करायचं नाही. ओलीचं तोंड बंद करून, फळ्यांचा आकडा खाली यायची वाट बघायची. बऱ्याच वेळा निम्मी वाटी आपोआप बसते.

एखाद-दुसरीच फळी पोकळ वाजत असेल आणि आकडे ठीक असतील तर सगळं उखडायची गरज नाही. २ मिलिमीटरचं भोक पाडून सिरिंजने इंजेक्शनचा इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन भरा. एका भोकातून भरायचा, शेजारच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वर गोणी ठेवून एक दिवस सोडा. भोक जुळणाऱ्या रंगाच्या मेणाने बुजवा. ते फळीच्या रेषेवर पाडलं असेल तर दिसतही नाही.